ट्रकचे इंजिन बांधण्यापूर्वी झिजेचे कारण शोधा

(तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड येथे शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



मी कृषिविद्येचा शिक्षक. पिकांवर बोलायचे सोडून हा माणूस इंजिनावर काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण आम्ही पाच मित्रांनी भागीदारीतल्या जुन्या ट्रकचे इंजिन इथे तलवाड्यातच पूर्ण उघडून पुन्हा बांधले. त्यात जे साधले आणि जे चुकले, ते तुमच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आपल्या भागात ट्रकवर किती जणांचे पोट असते, हे तुम्हाला सांगायला नको. ऊस कारखान्याला, कापूस जिनिंगला आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. त्या वेळी ट्रक बंद पडला तर नुसते भाडे बुडत नाही. दिलेली उचल अडकते आणि कोयते घरी बसतात. आमचा ट्रक पोळ्याच्या सुमारास बसला. नवीन गाडीसाठी कर्ज काढावे की जुने इंजिन बांधावे, हा प्रश्न होता. गाडीची कागदपत्रे आणि फिटनेस आधी पाहिले. ते ठीक होते, म्हणून इंजिन बांधायचे ठरवले.

इंजिन टाटाचे ६९७. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डायमलर-बेंझ कंपनीशी करार करून ट्रक बांधायला सुरुवात केली. हे इंजिन त्याच घराण्यातले. ६९७ म्हणजे ६ सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. गावोगावच्या मिस्त्रींना ते पाठ असते.

आता लक्षणे पाहू. धूर काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त जात आहे असे समजावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. पांढरा धूर सतत येत असेल तर डिझेल नीट पेटत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरते. आमच्या गाडीला निळा धूर होता, ऑइल वरचेवर घालावे लागे आणि ब्रीदरमधून भकाभका वाफा येत. म्हणजे पिस्टन, रिंगा आणि लायनर झिजले होते. आमच्यापैकी एक जण लगेच पिस्टन-लायनरचा संच आणायला निघाला. आमच्यातल्या जुन्या मिस्त्रीने त्याला थांबवले. तो म्हणाला, "अगोदर मोजा, मग आणा."

बंधूंनो, मातीपरीक्षण न करता खताची पोती आणू नका, असे मी दरवर्षी सांगतो. इंजिनाचेही तसेच आहे. प्रत्येक लायनर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजावा. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे झीज सर्वांत जास्त असते. क्रँकचे जर्नल गोल आहेत की लंबगोल झाले, ते मायक्रोमीटरने पाहावे. ग्राइंडिंग करावे लागले तर त्याच मापाचे बेअरिंग घ्यावे. हे काम शहरातल्या ग्राइंडिंगच्या दुकानातच करून घ्यावे. डिझेल पंप आणि नोझल पंपवाल्याकडे तपासून घ्यावेत. पंपाचे सील घरी तोडू नये.

मोजमापात सहाही लायनर सारखेच झिजलेले निघाले. एकच सिलिंडर खराब असता तर गोष्ट वेगळी होती. सगळे सारखे झिजले म्हणजे माती सगळ्यांना सारखी मिळत होती. शोध घेतला तेव्हा हवेच्या गाळणीपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूने चिरलेला सापडला. वरून तो चांगला दिसे. उसाच्या फडातली धूळ गाळणीला चुकवून थेट आत जात होती. मातीतले वाळूचे कण लोखंडाला घासतात आणि ऑइलमध्ये मिसळले की बेअरिंगही खातात. नवे पिस्टन टाकून तो पाइप तसाच ठेवला असता, तर सगळा खर्च पुन्हा त्याच धुळीत गेला असता.

कामाची वाटणी अशी होती. एकाने खोलायचे, एकाने धुवायचे, एकाने वहीत नोंद करायची. बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवले. कनेक्टिंग रॉडची टोपी ज्या रॉडची त्यालाच आणि त्याच बाजूने बसली पाहिजे, म्हणून खुणा केल्या. इंजिन साखळीच्या कप्पीने उचलताना खाली कोणी हात घालायचा नाही, असा नियम केला.

चूक माझ्याकडून झाली. ब्लॉक धुवायचे काम माझ्याकडे होते. मी तो कापसाच्या बोळ्याने पुसला आणि झाले म्हणून सांगितले. क्रँक बसल्यावर मिस्त्रीने ऑइलच्या भोकात तार घातली, तर टोकाला कापसाचे तंतू आले. तसेच चालू केले असते तर बेअरिंगला ऑइल मिळाले नसते आणि क्रँक गेला असता. सगळे पुन्हा उतरवले, एक दिवस गेला. मी वयाने आणि शिक्षणाने मोठा म्हणून कोणी बोलले नाही, पण मला ते चांगलेच लागले. तेव्हा लक्षात ठेवा : प्रत्येक भोक ब्रशने व डिझेलने धुऊन हवेने फुंकावे आणि पुसायला तंतू न सुटणारे कापड घ्यावे.

जोडताना रिंगेची फट लायनरमध्ये फीलर गेजने मोजावी आणि सर्व रिंगांची तोंडे एका रेषेत ठेवू नयेत. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळावेत. आकडे कंपनीच्या पुस्तकातलेच घ्यावेत. पहिल्यांदा चालू करताना डिझेल बंद ठेवून सेल्फने फिरवावे आणि गेजवर ऑइलचा दाब दिसल्यावरच डिझेल सोडावे. नोझलची फवार हातावर कधीच घेऊ नये. ती कातडीत घुसते. सुरुवातीला पूर्ण भार टाकू नये आणि पहिले ऑइल लवकर बदलावे. काढलेले ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. त्याने माती पाणी धरत नाही आणि विहीरही बिघडते. ते जुने ऑइल घेणाऱ्याला द्यावे.

आमचा ट्रक दसऱ्यानंतर टोळी घेऊन निघाला. पाचही जणांनी त्या दिवशी गाडीखाली वाकून तो पाइप हाताने चाचपून पाहिला. तुमच्या ट्रॅक्टरलाही असाच पाइप आहे आणि तुमच्या शेतातही धूळ आहे. आज घरी गेल्यावर तो खालच्या बाजूने चाचपून पाहा, क्लिप आवळा आणि गाळणीतले ऑइल गढूळ असेल तर बदला. एवढे जरी केले तरी इंजिन बांधण्याची पाळी पुष्कळ लांबेल.