आधी मुलगी, मग चषक
(कार्यकर्ते व हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आदिवासी मुलींच्या फुटबॉलसाठी आपण देणगी देतो, प्रार्थना करतो. मग अहवाल हाती आला की पहिले काय शोधतो? "कितवा नंबर आला?" आज या प्रश्नाविषयीच थोडे बोलतो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्या देशात झाला. भारताची कर्णधार होती अष्टम उरांव, झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. संघातल्या सहा जणी झारखंडच्याच. भुवनेश्वरला अमेरिकेने आपल्याला ८-० ने हरवले, मग मोरोक्कोने ३-० ने, ब्राझीलने ५-० ने. आपल्यावर सोळा गोल झाले, आपला एकही नाही. पुष्कळांनी हळहळून विषय मिटवला. पण तोच अमेरिकेचा संघ उपांत्यपूर्व फेरीत नायजेरियाकडून पेनल्टीवर हरून घरी गेला. गोलांच्या आकड्यावरून संघाची पारख पुरती होत नाही, मग मुलीची कशी होईल?

अमेरिकेतही हा वाद आहेच. तिथे निवडक क्लबांच्या मुलींची ईसीएनएल ही लीग २००९ पासून चालते. २०१७ मध्ये तिथल्या फुटबॉल महासंघाने मुलींसाठी डेव्हलपमेंट अकादमी काढली. जिंकण्यापेक्षा खेळाडू घडवणे हा तिचा हेतू. पण शाळेच्या संघातून खेळण्यावर तिने बंधने घातली. मैत्रिणींबरोबरचा तो खेळ अनेकींना सोडवेना. काही क्लब ईसीएनएलकडे परतले, आणि २०२० मध्ये, करोनाच्या काळात, पैशाचे कारण देऊन अकादमी बंद झाली. नुसत्या नियमांनी मुली घडत नाहीत.

मात्र अकादमीमागचा विचार खरा होता. बारा वर्षांखालच्या स्पर्धेत जिंकायचेच म्हटले, तर प्रशिक्षक उंच आणि वेगवान मुलींनाच उतरवतो. उशिरा वाढणारी मुलगी बाकावर बसते. दोन वर्षांनी तीही उंच होते, पण तोवर तिने खेळ सोडलेला असतो. म्हणूनच अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या मुली सात-सात जणींचे, तर अकरा-बारा वर्षांच्या नऊ-नऊ जणींचे सामने खेळतात. खेळाडू कमी, म्हणजे प्रत्येकीच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो.

गुडघ्याच्या अस्थिबंधाची गंभीर दुखापत मुलींना मुलांपेक्षा बरीच जास्त होते. फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा वीस मिनिटांचा व्यायाम नियमित केला तर दुखापती कमी होतात. त्याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

म्हणजे स्पर्धा नको का? नक्कीच हवी. चुरशीचे सामने मिळाल्याशिवाय मोठ्या मैदानावर पाय ठरत नाहीत. पाड्यावरच्या मुलींना सामने जास्तच मिळायला हवेत. फक्त त्या सामन्यांत सगळ्याजणी खेळाव्यात.

तेव्हा पुढचा अहवाल येईल, तेव्हा चषकाच्या आधी एवढे विचारा: प्रत्येक मुलगी किती मिनिटे खेळली? वर्षापूर्वीच्या किती जणी अजून येतात? कोणाचा गुडघा दुखतो आहे? शाळा कोणाची सुटली?

देणारे जे विचारतात, तेच प्रशिक्षक जपतो. आपण मुलींविषयी विचारले, तर तो मुलींना जपेल.