लोकमताच्या दरबारात वुड्रो विल्सन



आपल्या भाषांत 'लोकमत' हा शब्द तसा अलीकडचा. वृत्तपत्रे आली, सभा भरू लागल्या, तेव्हा तो रूढ झाला. त्याहून कितीतरी जुना शब्द 'लोकापवाद' हा होय. भवभूतीचा राम ज्याच्यापुढे हतबल होतो तो लोकापवाद. राज्यकर्त्याच्या घराच्या उंबरठ्याआत काय चालले आहे याविषयी प्रजा जे बोलते, ते सिंहासनापर्यंत पोहोचते आणि राज्यकारभारात उतरते, ही जाणीव आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून आहे. लोकमत राज्यकर्त्याच्या धोरणाचा न्याय करते, लोकापवाद त्याच्या शयनगृहाचा. व्यवहारात मात्र ही दोन न्यायालये एकाच इमारतीत भरतात आणि एकाचे साक्षीदार दुसऱ्यात सर्रास उभे केले जातात. अमेरिकेचे अठ्ठाविसावे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या बाबतीत हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल.

विल्सन हे मूळचे प्राध्यापक. प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्षपद, मग न्यू जर्सीचे गव्हर्नरपद आणि १९१३ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षपद, अशी त्यांची चढण. लांबट चेहरा, नाकावर चिमट्याचा चष्मा, धर्मोपदेशकाच्या घराण्यातून आलेली कडक नीतिमत्ता. असा माणूस प्रेमात पडू शकतो यावर लोकांचा विश्वास बसणे कठीण होते, आणि १९१२ च्या निवडणुकीत याचा त्यांना लाभच झाला. मेरी पेक नावाच्या एका स्त्रीशी त्यांचा स्नेह होता. बर्म्युडा बेटावर त्यांची ओळख झाली होती. विल्सन यांनी तिला लिहिलेल्या पत्रांची संख्या पुढे दोनशेंच्या वर गेली. विरोधकांनी हे प्रकरण थिओडोर रूझवेल्ट यांच्या कानी घातले, तेव्हा त्यांनी ते वापरण्यास नकार दिला. औषधाच्या दुकानातील कारकुनासारखा दिसणारा हा गृहस्थ रोमिओ आहे असे सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्या नकारात सौजन्य किती आणि हिशेब किती, हे सांगणे अवघड आहे.

६ ऑगस्ट १९१४ रोजी, युरोपात महायुद्धाचा भडका उडाला त्याच आठवड्यात, विल्सन यांच्या पत्नी एलन निवर्तल्या. सात महिन्यांनी, १९१५ च्या मार्चमध्ये, वॉशिंग्टनमधील एका जवाहिऱ्याची विधवा एडिथ गॉल्ट यांच्याशी त्यांची भेट झाली. ४ मे रोजी त्यांनी मागणी घातली. ७ मे रोजी जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' ही प्रवासी बोट बुडवली. १,१९८ माणसे मेली, त्यांत १२८ अमेरिकन होते. १० मे रोजी विल्सन फिलाडेल्फियाच्या सभेत बोलले, आणि स्वाभिमानामुळेच जो लढायला उतरत नाही असा मनुष्य असू शकतो, हा विचार त्यांच्या तोंडून निघून गेला. देशात गदारोळ झाला. कोणी त्यांना भेकड म्हटले, कोणी शांतिदूत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एडिथ यांना पत्र लिहिले : काल नेमके काय बोललो ते आठवत नाही, अंतःकरण इतके भोवंडून गेले होते.

हे पत्र त्या वेळी वृत्तपत्रांच्या हाती लागले असते तर? इतिहासकार या प्रश्नावर थोडे रेंगाळतात, आणि रेंगाळावे असाच तो आहे. परंतु त्याचे उत्तर घाईने देऊ नये. त्या भाषणाच्या मागे-पुढे जर्मनीला गेलेले खलिते पाहिले तर धोरण बदललेले दिसत नाही. उलट जूनमधील खलिता इतका कडक होता की परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी त्यावर सही करण्याऐवजी राजीनामा दिला. विल्सन प्रेमात होते. म्हणून ते मुत्सद्देगिरी विसरले होते असे नव्हे. विसरले असतील तर गुप्ततेचे नियम. खलित्यांचे मसुदे आणि राजदूतांचे अहवाल ते एडिथ यांना वाचावयास पाठवीत. अमेरिकेचे परराष्ट्र धोरण त्या उन्हाळ्यात प्रेमपत्रांच्या पाकिटातून प्रवास करीत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती फारशी होणार नाही.

सल्लागारांना चिंता होती ती मात्र निराळीच. पुढल्याच वर्षी निवडणूक होती. पहिल्या पत्नीच्या मृत्यूला वर्ष-सव्वा वर्ष होते न होते तोच दुसरा विवाह केला तर मतदार, विशेषतः ज्या राज्यांत स्त्रियांना मताधिकार मिळाला होता तेथील मतदार, क्षमा करतील काय? अर्थमंत्री मॅकअडू हे विल्सन यांचे जावई. मिसेस पेक विल्सन यांची पत्रे लोकांना दाखवीत सुटल्या आहेत, अशी बतावणी त्यांनी सासऱ्यांपुढे केली. हेतू हा की घाबरून विवाह लांबणीवर पडावा. परिणाम उलटा झाला. विल्सन यांनी सारा वृत्तान्त एडिथ यांना सांगितला, त्यांनी रात्रभर विचार केला आणि आपण पाठीशी उभ्या आहोत असे कळविले. ६ ऑक्टोबरला वाङ्निश्चय जाहीर झाला. न्यू जर्सीतील स्त्रीमताधिकाराला आपला पाठिंबा असल्याचे विल्सन यांनी त्याच दिवशी जाहीर केले, हा योगायोग पुष्कळांच्या डोळ्यांत भरला. १८ डिसेंबरला विवाह झाला. आणि १९१६ मध्ये मतदारांनी क्षमा केली, पण अगदी काठावर. कॅलिफोर्नियाचा निकाल चार हजारांहून कमी मतांनी लागला, आणि कॅलिफोर्निया गेले असते तर अध्यक्षपद गेले असते. लोकांनी मत दिले ते 'यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवले' या घोषणेला. पाच महिन्यांनी, ६ एप्रिल १९१७ रोजी, देश युद्धात उतरला.

आता आपल्या देशाकडे वळू. कारण येथे एक दुसरेच लोकमत तयार होत होते आणि त्या लोकमताला मिसेस पेक किंवा मिसेस गॉल्ट ही नावे ठाऊकही नव्हती. मद्रासचे निवृत्त न्यायमूर्ती सर एस. सुब्रमण्य अय्यर यांनी १९१७ च्या जूनमध्ये विल्सन यांना पत्र लिहून भारताच्या स्वराज्यासाठी साहाय्य मागितले. पुढे हे पत्र प्रकट झाले, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये त्याचा निषेध झाला, तेव्हा या वृद्ध गृहस्थांनी आपल्या पदव्या सरकारला परत केल्या. ८ जानेवारी १९१८ रोजी विल्सन यांनी चौदा कलमे मांडली. त्या कलमांत 'स्वयंनिर्णय' हा शब्द नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो पुढच्या महिन्यातील भाषणात आला. वसाहतींसंबंधीचे पाचवे कलम मोठे सावध आहे : तेथील जनतेचे हितसंबंध आणि वसाहतवाल्या सरकारचा दावा यांना सारखे वजन द्यावे, एवढेच ते म्हणते. परंतु कैरो, सेऊल, पेकिंग, मद्रास, पुणे येथे जे वाचले गेले ते कलमांपलीकडचे होते.

लोकमान्य टिळक १९१८ च्या अखेरीस लंडनमध्ये होते. चिरोल यांच्यावरील खटला हे निमित्त, स्वराज्याचा प्रचार हे काम. डिसेंबरात दिल्लीच्या काँग्रेसने स्वयंनिर्णयाचे तत्त्व भारताला लावावे असा ठराव केला आणि शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचविली. जानेवारी १९१९ च्या आरंभी टिळकांनी विल्सन यांना पत्र पाठविले. उत्तर आले ते विल्सन यांच्या चिटणिसाचे : भारताच्या स्वयंनिर्णयाचा प्रश्न यथाकाल योग्य अधिकारी हाती घेतील. टिळकांसारख्या कायदेपंडिताला या वाक्याची किंमत कळली नसेल असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणे होईल. तरीही अमेरिकेतील लोकमत अनुकूल करून घेण्यावर त्यांनी भर दिला. मार्चमध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांनाही त्यांनी लिहिले. पॅरिसला जाण्याची परवानगी मात्र त्यांना मिळाली नाही. भारताच्या नावे तेथे बसले ते भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराज गंगासिंग आणि लॉर्ड सिन्हा.

पॅरिसमध्ये १४ डिसेंबर १९१८ रोजी विल्सन यांचे जे स्वागत झाले, तसे त्या शहराने क्वचितच कोणाचे केले असेल. इटलीत तर त्यांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावल्या गेल्या. चारच महिने लोटले. २३ एप्रिलला फ्यूमे बंदराच्या प्रश्नावर त्यांनी इटालियन जनतेला सरकारच्या डोक्यावरून परस्पर आवाहन केले. लोकमत आपले आहे, सरकारचे नाही, ही त्यांची ठाम समजूत होती. इटलीचे पंतप्रधान परिषद सोडून निघून गेले आणि त्याच इटालियनांनी त्यांच्या नावाने शिव्याशाप दिले. आठवड्याने चीनचा शांतुंग प्रांतातील हक्क जपानच्या पदरात पडला आणि ४ मे रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले. त्याआधी, ११ एप्रिलला, वंशसमतेचा जपानी प्रस्ताव सतरापैकी अकरा मते पडूनही विल्सन यांनी एकमत नाही म्हणून बाजूला सारला होता. दोनच दिवसांनी अमृतसरला जे घडले ते येथे कोणाला सांगावयास नको. त्या वसंतात विल्सन यांच्यावरील विश्वास अनेक देशांत एकाच वेळी गळून पडला, आणि त्यात त्यांच्या खाजगी जीवनाचा संबंध काडीमात्र नव्हता. पूर्वेकडील लोकांनी त्यांना त्यांच्याच शब्दांनी मोजले. एकंदरीत हा न्याय अमेरिकन मतदारांच्या न्यायापेक्षा अधिक निर्मळ होता, असे म्हणण्याचा मोह होतो. निदान त्या न्यायासनापुढे पुरावा तरी योग्य होता.

वॉशिंग्टनला परतल्यावर राष्ट्रसंघाचा करार सेनेटमध्ये अडला. विल्सन लोकांकडे निघाले. सप्टेंबर १९१९ मध्ये रेल्वेने सुमारे आठ हजार मैलांचा दौरा आणि चाळीसच्या आसपास भाषणे. २५ सप्टेंबरला कोलोरॅडोतील प्वेब्लो येथील भाषणानंतर ते कोसळले. २ ऑक्टोबरला अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. डॉक्टर ग्रेसन यांनी प्रसिद्ध केले ते एवढेच की अध्यक्षांना मज्जातंतूंचा थकवा आहे. परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी अध्यक्ष अकार्यक्षम झाल्याचा मुद्दा काढला. डॉक्टर आणि चिटणीस यांनी तसे लिहून देण्याचे साफ नाकारले. कोणते कागद आत जावेत, कोणती माणसे आत जावीत, हे एडिथ ठरवू लागल्या.

याच काळात ब्रिटनने लॉर्ड ग्रे यांना विशेष दूत म्हणून वॉशिंग्टनला पाठविले होते. हे माजी परराष्ट्रमंत्री. दृष्टी मंदावलेली, वय झालेले, केवळ राष्ट्रसंघासाठी समुद्र ओलांडून आलेले. महिने गेले, अध्यक्षांनी त्यांना भेट दिली नाही. कारण आजार, हे खरेच. पण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. ग्रे यांच्या परिवारातील मेजर क्रॉफर्ड-स्टुअर्ट यांनी पूर्वी एका मेजवानीत मिसेस विल्सन यांच्या विवाहाविषयी असभ्य विनोद सांगितला होता, असा त्यांच्यावर आरोप होता. त्यांना परत पाठवा, अशी मागणी झाली. ग्रे यांनी आपल्या माणसाला सोडले नाही. शेवटी जानेवारी १९२० मध्ये ते अध्यक्षांना न भेटताच परतले. सेनेटने घातलेल्या अटींसह करार मान्य करण्यास मित्रराष्ट्रांची हरकत असू नये, असे त्यांनी लंडनला गेल्यावर 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून सांगितले. हेच वाक्य ऑक्टोबरात रुग्णाच्या खाटेशी बसून बोलले गेले असते तर विल्सन वळले असते काय? बहुधा नसते. ते वळणाऱ्यांपैकी नव्हते. तथापि एका जागतिक कराराचा मध्यस्थ दाराबाहेर ताटकळत राहिला, आणि त्या दाराच्या कड्यांपैकी एक कडी मेजवानीतल्या विनोदाची होती, ही गोष्ट उरतेच.

करार १९ नोव्हेंबर १९१९ रोजी फेटाळला गेला. १९ मार्च १९२० रोजी अटींसह बाजूने ४९ आणि विरुद्ध ३५ मते पडली, दोनतृतीयांशांना सात कमी. आपल्या पक्षाच्या सदस्यांनी अटी स्वीकारू नयेत, हा आदेश रुग्णशय्येवरूनच आला होता.

या सहा महिन्यांत बाहेर काय बोलले जात होते? व्हाइट हाउसमध्ये वेडा माणूस कोंडला आहे. पुरावा काय, तर खिडक्यांना गज आहेत. ते गज पूर्वी थिओडोर रूझवेल्ट यांची मुले चेंडू खेळत म्हणून बसविलेले होते! बाई राज्य करीत आहे, असेही म्हटले जाई. डिसेंबरात दोन सेनेटर पाहणीसाठी आत गेले. विल्सन यांना पांघरुणे ओढून, लुळा हात झाकून, दिवा बेताचा ठेवून निजविलेले होते. उजव्या हाताने त्यांनी हस्तांदोलन केले, एकदोन चुरचुरीत उत्तरे दिली. सेनेटर बाहेर आले आणि अध्यक्षांचे डोके ठिकाणावर असल्याचे त्यांनी पत्रकारांना सांगितले. डोके ठिकाणावर होते हे खरे. पण एवढ्यावरून ते कारभार करू शकत होते असे ठरत नव्हते. लोकापवादाने चुकीची खिडकी दाखविली, चुकीचे कारण दिले. मात्र आत काहीतरी लपविले जात आहे, ही त्याची मूळ शंका अगदी बरोबर होती. सात वर्षे मिसेस पेक यांच्या पत्रांविषयी कुजबुजणाऱ्या या समाजाला, १९०६ मध्येच विल्सन यांची डाव्या डोळ्याची दृष्टी एका सकाळी अचानक गेली होती, हे कोणी सांगितले नव्हते. तेही खाजगीच होते. मतदाराला त्याची गरज अधिक होती.

१९२० च्या निवडणुकीत साठ टक्के मते घेऊन हार्डिंग निवडून आले, आणि त्यांच्या खाजगी जीवनाविषयी जे पुढे उजेडात आले ते पाहता मिसेस पेक यांचे प्रकरण बालवाडीतले वाटावे. ३ फेब्रुवारी १९२४ रोजी विल्सन वारले. एडिथ यांनी १९३९ मध्ये आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत, आपण सार्वजनिक बाबींत एकही निर्णय घेतला नाही, पतीपुढे काय केव्हा न्यायचे एवढेच ठरविले, असे त्या म्हणतात. काय न्यायचे हे ठरविणे म्हणजेच बहुतेक निर्णय घेणे, हे त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही, किंवा आले असून त्यांनी तसे लिहिले. अध्यक्ष अकार्यक्षम झाल्यास काय करावे याची तरतूद अमेरिकेच्या संविधानात पंचविसाव्या दुरुस्तीने आली, ती १९६७ मध्ये. २०२० च्या जूनमध्ये प्रिन्स्टनने आपल्या राजनीती विद्यालयावरून विल्सन यांचे नाव उतरविले. कारण ना प्रेमपत्रे, ना आजार. सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या आणि काळ्या नोकरांना वेगळे बसविण्यास त्यांच्या राजवटीत मिळालेली मुभा, हे ते कारण. १९१४ मध्ये काळ्या नागरिकांचे एक शिष्टमंडळ ही तक्रार घेऊन त्यांना भेटले होते. विल्सन संतापले आणि बोलण्याची पद्धत आवडली नाही म्हणून त्यांनी शिष्टमंडळाला निरोप दिला.