यशवंतसागराकाठचं जेवण

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की साधारण शंभर किलोमीटरवर भिगवण येतं. गाव जवळ आल्याची खूण मैलाच्या दगडाआधी पाट्याच देतात. ‘ताजी मासळी’, ‘चिलापी फ्राय’, ‘वाम’, ‘मरळ’. बारामतीची माणसं पाहुणे आले की त्यांना गाडीत घालून इथं जेवायला आणतात. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला कुंभारगावला आलेली शहरातली मंडळीही दुपारी याच पाट्यांखाली येऊन बसतात. पाहुण्यांना अगदी हौसेनं सांगितलं जातं, “हे आमच्याकडचं पारंपरिक जेवण बरं का!”

हे वाक्य ऐकलं की मी थोडा थबकतो. कारण हे जेवण माझ्यापेक्षा वयानं लहान आहे.

मी इंदापूर तालुक्यातला, भीमेच्या काठचा. माझ्या लहानपणी आमच्या भागात जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, पिठलं, हुलग्याचं माडगं, आणि सणावारी किंवा जत्रेला मटणाचा रस्सा. मासे मिळत नव्हते असं नाही. भोई मंडळी नदीच्या डोहात जाळी टाकत आणि दारावर मासे आणून विकत. पण तो कधीमधीचा प्रकार. मासे खायला कुणी मुद्दाम गाडी करून भिगवणला जाईल, असं त्या वेळी कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

मग उजनीचं धरण झालं. १९६६ साली पायाभरणी झाली आणि १९८० साली काम पुरं झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात, पण पाणी मागं पसरत आलं ते इंदापूर, दौंड, करमाळ्यापर्यंत. या पाण्याला यशवंतसागर असं नाव मिळालं. त्याखाली काठची गावं गेली, काळी रानं गेली, विहिरी गेल्या. पळसदेवचं जुनं दगडी मंदिर अजून पाण्यात आहे. पाणी फार खाली गेलं की ते वर येतं, आणि माणसं चिखल तुडवत आपल्या जुन्या गावाची वाट शोधत तिथं जातात.

ज्यांची जमीन पाण्याच्या कडेला राहिली, त्यांनी मोटारी बसवल्या, ऊस केला. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, ते नव्या गावठाणात गेले. आमचं घर या दुसऱ्यांत.

या पाण्यात मासा मात्र चांगला वाढला. त्याचं एक कारण धरणाच्या रचनेत आहे. उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीहून थोडं अधिक हा मृतसाठा. त्यामुळे धरण शून्य टक्क्यावर आल्याची बातमी आपण ऐकतो, तेव्हाही निम्म्याहून अधिक पाणी आत असतंच. मासा तग धरतो तो त्या पाण्यावर. कटला, रोहू, मरळ, वाम असे मासे मिळतात. पण जाळं भरतं ते चिलापीनं. ही चिलापी मूळची आफ्रिकेची. भारतात ती १९५२ साली आणली गेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विणही होते. त्यामुळे ती जिथं शिरली तिथं तिनं इतरांना मागं सारलं. म्हणजे पाणी नवं, मासा परका आणि जेवण मात्र पारंपरिक!

यात हसण्यासारखं काही नाही, हे मला पुढं कळलं. त्याचीच गोष्ट सांगतो.

आमचे वडील नदीचा मासा आवडीनं खात. पण धरण झाल्यावर त्यांनी मासा सोडला. का, तर म्हणत, “ज्या पाण्याखाली माझी विहीर आहे, त्यातलं मी काही खाणार नाही.” हायवेला खाणावळी वाढत गेल्या. आम्ही भाऊ चोरून जाऊन खाऊन यायचो. घरी हाताला वास येऊ नये म्हणून लिंबाची फोड चोळायचो.

पुढं बऱ्याच वर्षांनी एका लग्नाहून परतताना आमची गाडी भिगवणजवळ बंद पडली. दुपार टळून गेलेली. मेकॅनिक येईपर्यंत बसायला समोर एकच जागा, पत्र्याच्या शेडमधली एक खाणावळ. चालवणारी बाई भोई समाजातली, वयस्कर. धरणाच्या पाण्यावर मासेमारी सुरू झाली तेव्हापासून तिच्या घरचा हा धंदा. आम्ही जेवायला बसलो. वडील बाहेर बाकावर.

बाईनं विचारलं, “तात्या, तुम्ही नाही जेवत?”

वडिलांनी सरळ सांगितलं, “माझं रान आहे या पाण्याखाली.”

बाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुमचं रान गेलं तात्या, तसे आमचे डोह गेले. कुठल्या डोहात कुठला मासा ते आमच्या सासऱ्यांना अंधारात ठाऊक होतं. या एवढ्या पाण्यात ते ज्ञान काय कामाचं? जाळी नवी, होड्या नव्या, मासासुद्धा नवा. आम्ही पण पहिल्यापासूनच सुरू केलं.”

नदीवर जगणाऱ्या माणसांचंही धरणानं काही नेलं असेल, हे आमच्या घरात कुणाच्या मनातच आलं नव्हतं. वडील उठले, हातपाय धुतले आणि ताटावर बसले.

ताट साधंच. चिरा पाडून तिखट-मीठ, हळद, लसूण लावून तळलेली अख्खी चिलापी, बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू आणि वाटीत रस्सा. वडिलांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, एक घास घेतला. म्हणाले, “रस्सा आपल्यासारखाच आहे की.”

तोपर्यंत माझ्याही हे ध्यानात आलं नव्हतं. कोकणात माशाला ओलं खोबरं आणि आमसूल. भिगवणच्या रश्श्यात भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला. म्हणजे हा आमचा जत्रेतला मटणाचाच रस्सा. मासा नवा आला, पण रांधणारा हात जुनाच होता. त्यानं परक्या माशाला आपल्या रश्श्यात घेतलं.

तेव्हापासून ‘पारंपरिक’ या शब्दाकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघतो. डेन्मार्कचं उदाहरण घ्या. कोपनहेगनमध्ये श्योनेमान नावाचं भोजनगृह १८७७ सालापासून चालत आलं आहे. राईच्या काळ्या पावाचा काप, त्यावर लोणी, वर मुरवलेला हेरिंग मासा असं तिथलं दुपारचं जेवण. बाजारात भाजी विकायला आलेले शेतकरी तिथं जेवत. त्यांच्या चिखलाच्या पायांसाठी जमिनीवर वाळू पसरत, असं सांगतात. बाजारच्या दिवशी बारामतीत आलेला शेतकरी तिथं अगदी सहज बसला असता. त्याच देशानं २०१४ साली लोकांची मतं घेऊन आपलं राष्ट्रीय जेवण ठरवलं. डुकराच्या मांसाचे तळलेले काप, पांढरा सॉस आणि बटाटे. पण बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. डेन्मार्कात तो रुजला अठराव्या शतकात. आपल्या भाकरीबरोबरची मिरची तरी कुठं इथली? तीही अमेरिकेतूनच आली.

म्हणून परंपरा वर्षांनी मोजू नये असं मला वाटतं. काही गमावलेल्या माणसांनी हाती आलेल्या वस्तूला आपल्या चवीत बसवलं आणि पुढच्यांना वाढलं, की ती परंपराच.

पण ती टिकवणं आपल्या हातात आहे. पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांतून याच जलाशयात येतं. बारीक आसाची जाळी लहान पिल्लंही ओढून काढतात. पाणी नासलं, तर ज्यांचे डोह एकदा गेले त्यांचं आता हेही जाईल. ताटावर बसताना एवढं आठवणीत असावं.

वडील त्यानंतर अनेकदा तिथं जेवले. जेवण झालं की बाहेर येऊन पाण्याकडे बघत उभे राहायचे आणि हात करून आपली विहीर कुठं होती ते दाखवायचे. शेवटपर्यंत त्यांनी मनातला राग सोडला नाही. जेवण मात्र त्यांनी पुन्हा कधी टाळलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)