वापरलेल्या घड्याळांची प्रतवारी



वडिलांच्या मनगटावरचें घड्याळ मुलाच्या मनगटावर यावें, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. परंतु रोलेक्स, ओमेगा, लाँजिन अशा नांवांचीं मौल्यवान घड्याळें आतां वारसानें जितकीं मिळतात, तितकींच वापरलेलीं म्हणून विकत घेतलीं जातात. या व्यवहारांत माल हातांत येण्यापूर्वीं त्याची प्रत शब्दांनीं कळविली जाते. 'अनवॉर्न', 'मिंट', 'एक्सलंट', 'व्हेरी गुड', 'गुड', 'फेअर' असे हे पांच-सहा शब्द आहेत. कित्येक कुटुंबांची वर्षांची शिल्लक त्यांच्या भरंवशावर खर्च होते. म्हणून हे शब्द काय सांगतात आणि काय सांगत नाहींत, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम त्यांचे रूढ अर्थ पाहूं. 'अनवॉर्न' म्हणजे मनगटावर कधींच न चढलेलें. 'मिंट' हा शब्द नाण्यांच्या व्यापारांतून आला आहे. मिंट म्हणजे टांकसाळ. नाणें जणूं आतांच टांकसाळींतून बाहेर पडलें आहे, असा त्याचा भाव. 'एक्सलंट' व 'व्हेरी गुड' यांत वापराच्या बारीक रेघा असतात, पण निरखून पाहिल्याखेरीज त्या डोळ्यांत भरत नाहींत. 'गुड' म्हटलें कीं ओरखडे सहज दिसणार, कडेला एखादा खळगाही असणार. 'फेअर' म्हणजे खूप झिजलेलें, बहुधा कांहीं भाग बदललेलें. त्याच्याही खालीं जें येतें, तें दुरुस्तीवांचून चालत नाहीं किंवा केवळ सुट्या भागांसाठींच विकलें जातें. यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. 'गुड' याचा कोशांतील अर्थ 'चांगलें' असा असला तरी या उतरंडींत त्याची जागा मधल्या पायरीच्याही खालीं आहे.

माझें आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें. एकाच निबंधास एक परीक्षक साठ गुण देतो, दुसरा पंचेचाळीस देतो, आणि दोघेही प्रामाणिक असतात. घड्याळांच्या प्रतवारीचें असेंच आहे. नाण्यांसाठीं अमेरिकेंत विल्यम शेल्डन यांनीं १९४९ सालीं १ ते ७० अंकांची एक श्रेणी मांडली, आणि पुढें नाणीं तपासून मोहोरबंद करून देणाऱ्या त्रयस्थ संस्थाही निघाल्या. घड्याळांच्या बाजारांत असा सर्वमान्य मापदंड नाहीं. जपानांतील दुकानदार 'एस', 'ए', 'एबी', 'बी', 'सी' अशीं अक्षरें लावतात. पण एका दुकानाचा 'ए' दुसऱ्याच्या 'एबी'शीं जुळेलच असें नाहीं. शिवाय बहुतेक वेळीं प्रत ठरविणारा हा विकणाराच असतो. विद्यार्थ्यानेंच आपली उत्तरपत्रिका तपासावी, तसा हा प्रकार होय. म्हणून एका शब्दावर न थांबतां घड्याळाच्या प्रत्येक अंगाचे गुण वेगळे मागावे. तीं अंगें मुख्यतः चार आहेत : बाहेरचें कवच, तबकडी, आंतील यंत्र आणि कागदपत्र.

कवचाविषयीं पुष्कळांचा समज असा कीं, जें अधिक चकाकतें तें अधिक चांगलें. वास्तविक धातूस पॉलिश करणें म्हणजे त्याचा थर घासून काढणें होय. वारंवार पॉलिश केल्यानें धारदार कडा गोल होतात, पट्टा जेथें अडकवितात ते कान बारीक होतात, आणि पाठीवरचीं उमटविलेलीं अक्षरें व छाप पुसट होतात. ओरखडा दिसतो तरी; घासून गेलेला धातू दिसत नाहीं आणि सहसा परतही येत नाहीं. यास्तव जाणकार संग्राहक ओरखडे असलेलें, पण पॉलिश न केलेलें घड्याळ अधिक मोलाचें मानतात. धातूचा पट्टा असल्यास घड्याळ आडवें धरून पहावें. सांधे झिजलेले असतील तर पट्टा खालीं लोंबतो.

तबकडी हा घड्याळाचा चेहरा. किंमतीचा मोठा हिस्सा तिच्यावर ठरतो. अंधारांत दिसावेत म्हणून अंकांवर व कांट्यांवर जो लेप देत, त्यांत १९६० च्या सुमारापर्यंत रेडियम असे, व त्यानंतर ट्रिटियम आलें. ट्रिटियम असल्याची खूण म्हणून तबकडीच्या तळाशीं 'स्विस' या शब्दाजवळ इंग्रजी 'टी' हें अक्षर आढळतें. ट्रिटियमचें तेज सुमारें बारा वर्षांत निम्मे होतें. म्हणजे १९७५ सालच्या घड्याळांत आज जेमतेम सोळावा हिस्सा उरला असेल. असें घड्याळ रात्रभर लखलखत असेल, तर लेप तरी नवा आहे किंवा तबकडी तरी बदललेली आहे, असें समजावें. रेडियमच्या लेपाचा उजेड विझला तरी त्याचा किरणोत्सर्ग शेंकडों वर्षें चालूच राहतो. तेव्हां तें घड्याळ घरीं उघडण्याच्या भरीस पडूं नये.

येथें आपल्या शहराचा उल्लेख करणें भाग आहे. जुन्या तबकड्या नव्यानें रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र जुळवून केलेल्या मालास परदेशांतील संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हा गौरव नव्हे. रंगविणाऱ्याचें हस्तकौशल्य पुष्कळदां खरोखर चांगलें असतें, आणि 'तबकडी रंगविलेली आहे' असें सांगून विकल्यास त्यांत लबाडी कांहींच नाहीं. तीच 'मिंट' म्हणून विकली जाते, तेव्हां दोष उत्पन्न होतो. भिंगाखालीं अक्षरांच्या कडा फांकलेल्या, रेघा असमान किंवा नांवाचें वळण वेगळें दिसलें, तर प्रश्न विचारावा.

यंत्राबद्दल प्रतवारीचा शब्द बहुधा मुका असतो. 'एक्सलंट' घड्याळाच्या आंतील तेल सुकलेलें असूं शकतें. जाणत्या घड्याळजीकडे टायमिंग मशीन असतें. त्यावर घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढें-मागें जातें आणि त्याचें तोलचक्र किती अंश फिरतें, हें थोड्या वेळांत कळतें. पूर्ण चावी दिलेलें व आडवें ठेवलेलें निरोगी घड्याळ साधारणतः २७० ते ३०० अंश दाखवितें. आंकडा २०० च्या आसपास उतरला, तर साफसफाईचा खर्च किंमतींतून वजा करावा. स्वित्झर्लंडमधील क्रोनोमीटर परीक्षेंत दिवसाला ४ सेकंद मागें ते ६ सेकंद पुढें इतकीच सूट असते. जुन्या घड्याळाकडून इतकी अपेक्षा करूं नये. तबकडीवर '२०० मीटर' लिहिलें असलें, तरी आंतील रबरी कडीं जुनीं होतात. दाबाची परीक्षा झाल्याखेरीज तें पाण्यांत नेऊं नये.

चौथें अंग कागदपत्रांचें. मूळ पेटी, हमीपत्र, दुरुस्तीच्या पावत्या आणि बदललेले मूळ भाग हीं जवळ असल्यास किंमत वाढते. २०१७ सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत नट पॉल न्यूमन यांचें रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरांवर गेलें. तें नित्य वापरलेलें होतें. पण तें कोणाचें, कोणीं दिलें, याचा पुरावा पक्का होता.

आतां विकणाऱ्यांविषयीं दोन शब्द. माझ्या परिचयाच्या एका बाईंनीं यजमानांच्या पश्चात् त्यांचें ओमेगा विकावयास काढलें. चांगलें दिसावें म्हणून आधीं त्यास पॉलिश करविलें, आणि 'आतां नव्यासारखें आहे' असें त्या ग्राहकास मोठ्या आनंदानें म्हणाल्या. ग्राहकानें त्याच कारणानें किंमत उतरविली. मुलाच्या शिक्षणाचा एक हप्ता त्या चकाकींत गेला. म्हणून विकण्यापूर्वीं मऊ फडक्यानें पुसण्यापलीकडे कांहीं करूं नये. दोन-तीन ठिकाणीं किंमत विचारावी, आणि उणिवा आपण होऊन सांगाव्या. सांगितलेली उणीव सौद्यांत बसते. लपविलेली नंतर भांडण काढते.

घेणाऱ्यानें चार प्रश्न लेखी विचारावे. पॉलिश केव्हां झालें? तबकडी व कांटे मूळचे आहेत काय? यंत्र शेवटीं कोणीं व कधीं साफ केलें? उत्तरें खोटीं ठरल्यास माल परत घेणार काय? या प्रश्नांना जो सरळ उत्तरें देतो, त्याचें 'गुड' घड्याळ हें, जो उत्तरें टाळतो त्याच्या 'मिंट' घड्याळापेक्षां, निश्चिंतपणें घ्यावें.