‘मला जमतच नाही’ची उलटतपासणी

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, आवाज थोडा वाढवा. आज बोलायचंय एनएलपीबद्दल, म्हणजे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग. नाव ऐकून घाबरू नका, कोडिंग करायचं नाहीये.

1970च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठात रिचर्ड बँडलर नावाचा विद्यार्थी आणि जॉन ग्रिंडर हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक एकत्र आले. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सॅटिर असे नावाजलेले थेरपिस्ट लोकांशी नेमकं काय बोलतात, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. त्यातून 1975 साली ‘द स्ट्रक्चर ऑफ मॅजिक’ हे पुस्तक आलं. त्यातला मला आवडलेला भाग म्हणजे प्रश्न. आपण स्वतःबद्दल जी ढोबळ वाक्यं बोलतो, त्यांना विचारायचे प्रश्न.

माझंच सांगतो. कॉलेज संपताना एका कंपनीच्या इंटरव्ह्यूत माझी अक्षरशः दातखीळ बसली. बाहेर आलो आणि ठरवून टाकलं, ‘मला चारचौघांत बोलताच येत नाही.’ पुढचे दोन इंटरव्ह्यू मी दिलेच नाहीत. घरी सांगितलं, तारीख पुढे गेली!

मग एका मैत्रिणीनं विचारलं, “कधीच येत नाही? गणपतीत मंडळाच्या माइकवर कोण बोंबलत असतं?”
म्हटलं, तिथं सगळे ओळखीचे असतात.
“मग अनोळखी माणसांसमोर येत नाही?”
तसंही नाही. बसमध्ये कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून मस्त भांडतो मी.
“मग नेमकं कुठे अडतं?”

विचार केला, तर अडत होतं इंग्रजीतल्या पहिल्या दोन वाक्यांत. बस्स, एवढंच! ‘बोलता येत नाही’ला काही उपाय नव्हता, पण दोन वाक्यांना होता. ती मी मोबाईलवर रेकॉर्ड करून रोज ऐकली, पुन्हा पुन्हा बोललो. पुढच्या इंटरव्ह्यूत आवाज थरथरला, पण थांबलो नाही. सिलेक्शन? नाही झालं. पण त्यानंतरचा इंटरव्ह्यू मी चुकवला नाही.

असंच दुसरं वाक्य, ‘सर हसले, म्हणजे त्यांना मी बावळट वाटलो.’ इथं एकच प्रश्न, कशावरून? बहुतेक वेळा पुरावा नसतोच.

अँकरिंगही करून पाहिलं. छान प्रसंग आठवायचा आणि अंगठा-तर्जनी दाबायची, की पुढे तसं दाबल्यावर तोच आत्मविश्वास येतो म्हणे. मला थोडं शांत वाटलं, पण ते बोटांमुळे की दोन सेकंद थांबल्यामुळे, देव जाणे.

आता खरं बोलूया. एनएलपीच्या बऱ्याच दाव्यांना शास्त्रीय आधार कच्चा आहे. डोळे कुठे फिरतात त्यावरून खोटं पकडता येतं, हा दावा 2012 मध्ये प्रयोगात तपासला गेला आणि टिकला नाही. त्यामुळे ‘तीन दिवसांत नवा माणूस’ म्हणणाऱ्या वर्कशॉपसाठी आईबाबांकडे पैसे मागण्याआधी थांबा. वरचे प्रश्न फुकट आहेत. आणि झोप उडाली असेल, सारखी धडधड होत असेल, तर हे प्रश्न पुरणार नाहीत. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानसला 14416 वर फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं.

तर या आठवड्यात तुमचं एक ‘मला जमतच नाही’ पकडा, त्याला ‘नेमकं कुठे?’ विचारा, आणि काय सापडलं ते व्हॉइस नोटवर पाठवा. मी ऐकतो सगळ्या. भेटू पुढच्या भागात!