वर्गातली ट्विटरचर्चा

श्रोतेहो, मोठ्या वर्गात चर्चा सुरू झाली,
की मोजकेच हात वर होतात.
बाकीचे गप्प.

२००९ साली अमेरिकेत,
टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत,
इतिहासाच्या प्राध्यापक मोनिका रँकिन यांनी
ट्विटर वापरून पाहिलं.

वर्गात ९० विद्यार्थी.
लॅपटॉपवरून, मोबाइलवरून ते आपलं मत लिहीत.
ते समोरच्या पडद्यावर उमटे.
सगळ्यांना दिसे.

एरवी न बोलणारेही लिहू लागले.
हे फार मोलाचं आहे, श्रोतेहो.
न बोलणारे लिहू लागले.

अडचणही होती.
तेव्हा एका संदेशात फक्त १४० अक्षरं.
इतिहासातली गुंतागुंत त्यात कशी मावणार?
पण मुद्दा नेमका मांडावा लागे.

आणि वर्ग सुटल्यावरही
ती चर्चा पुन्हा वाचता येई.