स्वतःलाच पचविणारें इंद्रिय

अन्नांतील प्रथिनें पचविणारें ट्रिप्सिन स्वादुपिंडांत ट्रिप्सिनोजेन या निद्रिस्त रूपानें तयार होतें. त्याला जाग यावयाची ती लहान आंतड्यांत. ती पिंडांतच आली तर? चुलींतलें सरपण माजघरांत पेटावें, तशी गत! स्वादुपिंड स्वतःलाच पचवितें, असें प्रागच्या हान्स कियारी यांनीं १८९६ मध्येंच सुचविलें होतें. मात्र पिढ्यान्‌पिढ्या या दुखण्यानें गांजलेल्या कुटुंबांचें कोडें १९९६ मध्यें उलगडलें. डेव्हिड व्हिटकॉंब व सहकाऱ्यांना सातव्या गुणसूत्रावरील जनुकांत एकाच अक्षराचा फरक आढळला. त्यानें आर्जिनिनच्या जागीं हिस्टिडिन येतें, आणि अवेळीं जागें झालेलें ट्रिप्सिन जेथें तोडलें जावयाचें, ती जागाच नाहींशी होते. रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याचा संभव निम्मा. मिळालेले सर्वच आजारी पडतात असें नाहीं. तपासणी आतां होते, दोष काढणारें औषध मात्र नाहीं. तेव्हां निरोगी दिसणाऱ्या लेकराची तपासणी करावी कीं नाहीं, हा पेंच आईबापांपुढें उरतोच.